आलेंतेजूचा किनारा: सकाळी टॅक्सीने जा, चालत मुक्कामी या

जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्याला, अल्गार्व्हला, पाय ठेवायला जागा नसते. त्याच्या उत्तरेचा आलेंतेजू किनारा त्या मानाने पुष्कळ शांत. पण तिथल्या सर्वांत सुंदर पुळणी मोटाररस्त्यावरून दिसत नाहीत आणि गावोगावच्या बस मोजक्याच. चालत निघालं की परतीच्या बसचा घोर लागतो.

म्हणून चालणं परतीच्या बाजूला ठेवा.

१. मुक्काम अल्मोग्राव्हला करा. लहान गाव आहे, समुद्र जवळ.

२. सकाळी टॅक्सीने उत्तरेला विला नोवा द मिलफोंतिशला जा.

३. तिथून मच्छीमारांच्या जुन्या पायवाटेने दक्षिणेकडे चालत परत या. अंतर साधारण १५ किलोमीटर. हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या खुणा सोडू नका.

सामान खोलीवरच राहतं. घड्याळ पाहावं लागत नाही. एखादी पुळण आवडली तर तासभर बसा, कारण पुढे फक्त आपलं गाव आहे. उन्हाळ्यात वारा बहुतेक उत्तरेचा असतो, तोही पाठीवर येतो. वाट बरीचशी मऊ वाळूतून जाते, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त वेळ धरा आणि पाणी मिलफोंतिशमध्येच भरून घ्या.

कड्याच्या टोकावर आणि कड्याच्या पायथ्याशी बसू नका, दरड कोसळते. पुळणीवर लावलेला बावटा लाल असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. पिवळा असेल तर पोहायचं नाही, काठाशी पाय भिजवा.