मुलांना ज्युदो-कराटेला घालताय? या चुका टाळा

“पोरगं फार हळवं आहे, जरा खंबीर होऊ दे,” असं म्हणत अनेक पालक मुलांना ज्युदो किंवा कराटेच्या क्लासला घालतात. अपेक्षा रास्त आहे. पण मूल खंबीर होतं ते पडून, हरून आणि पुन्हा उभं राहून. नेमकं तेच आपण मोठी माणसं त्याच्या वाट्याला येऊ देत नाही.

“अजून नुसतं लोळायलाच शिकवतायत!”

ज्युदोच्या सरांना ही तक्रार नवी नाही. त्या लोळण्याला उकेमी म्हणतात आणि माझ्या मते मुलांसाठी ज्युदोतला सगळ्यात मोलाचा धडा तोच आहे. मागे पडताना हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मॅटवर आपटत नाही. हात अंगापासून थोडे दूर, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हातांची मॅटवर जोरदार थाप. आघात एका जागी न बसता विभागला जातो. न शिकलेलं मूल मागे हात टेकवून स्वतःला सावरायला बघतं आणि मनगट किंवा कोपर दुखावून घेतं.

मूल पडायला घाबरत असेल तर त्याला ढकलू नका, चिडवू नका. आधी पाय पसरून बसून मागे लोळायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. उभ्याने घाबरलं तर पुन्हा उकिडव्यावर यायचं, यात कमीपणा काहीच नाही. पडण्याची भीती एकदा गेली की ते मूल मॅटवर वेगळंच दिसू लागतं, कारण आता पडलं तरी पुढे काय करायचं हे त्याच्या अंगाला माहीत असतं. मात्र पाहुण्यांसमोर घरातल्या फरशीवर हे करून दाखवायला सांगू नका.

पट्ट्याची घाई

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा आजच्यासारखी रंगीत पट्ट्यांची शिडी नव्हती. आज काही क्लासमध्ये ठरावीक महिने भरले आणि परीक्षेची फी दिली की नवा रंग मिळतो. प्रवेश घेतानाच विचारा, “सर, तुमच्याकडे परीक्षेत कोणी थांबतं का?” उत्तर “नाही, सगळे पास होतात” असं आलं तर विचार करा. काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, नीट न जमल्यामुळे थांबलेलं आणि तीच काता पुन्हा घोटून पुढे गेलेलं मूल जे शिकतं, ते आयत्या पट्ट्यातून शिकता येत नाही. मूल थांबलं तर सरांना फोन करून भांडू नका. नेमकं काय कमी पडलं, ते मुलालाच सरांना विचारायला लावा.

बाहेरून ओरडणं

अखिल जपान ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. जिंकण्याचा अतिरेक, लहान मुलांना वजन घटवायला लावणं, पालक-प्रशिक्षकांनी पंचांवर ओरडणं ही त्यामागची कारणं होती. ज्युदोच्या मायदेशात ही वेळ आली, तर आपणही सावध व्हायला हवं. सामना चालू असताना बाहेरून सूचना देऊ नका. मुलाने एका वेळी एकाच माणसाचं ऐकावं, सरांचं. आणि वाढत्या वयाच्या मुलाला कमी वजनाच्या गटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणं कधीच नको.

हरल्यावर गाडीवर बसल्या बसल्या चुका मोजू नका आणि पंचांना दोषही देऊ नका. आधी खायला द्या. रडू आलं तर रडू द्या. दुसऱ्या दिवशी एवढंच विचारा, “पुढच्या वेळी काय वेगळं करशील?” खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या पैलवानाला मॅटवरची कुस्ती आणि तिथले नियम नवे होते. मधल्या चार वर्षांत त्यांनी कसून तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, फक्त हरलेल्या दिवशीच नको.

सोसण्यालाच ताकद समजणं

हात पिरगळला गेला, गळ्यावर दाब आला की मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर थाप मारून ‘सोड’ म्हणायचं असतं. ही शरणागतीची खूण वेळेवर देणं आणि समोरच्याने दिली की लगेच सोडणं, दोन्ही शिकावं लागतं. “मर्दासारखं सहन कर” म्हणणारे सर असतील, शिक्षा म्हणून मारत असतील, तर त्या महिन्याची फी बुडाली तरी चालेल, मूल काढून घ्या.

क्लासच्या वेळीच पोट दुखत असेल तर ‘नाटकं’ म्हणून उडवून लावू नका. कुमितेत, म्हणजे कराटेतल्या जोडीच्या लढतीत, फार मोठ्या वजनाचा जोडीदार मिळतोय का, कोणी हसतंय का, हे शांतपणे विचारा. पुष्कळदा जोडीदार बदलला की दुखणं थांबतं. कंटाळा आला असेल तर सोडण्याचा निर्णय हरलेल्या दिवशी घेऊ नका. चालू महिना पूर्ण करायचा आणि मग ठरवायचं. तेव्हाही मूल नको म्हणालं तर ते मान्य करा आणि सरांना त्यानेच जाऊन सांगावं, तुम्ही सोबत उभे राहा.