झोपलेला कॉम्प्युटर दुरून उठत नसेल तर

स्लीपमध्ये टाकल्यावर पाच मिनिटांनी कॉम्प्युटर दुरून उठतो, तासाभरानं मात्र दाद देत नाही? बहुतेकदा राउटरच्या एआरपी यादीतून (कोणता आयपी पत्ता कोणत्या मशीनचा, याची यादी) त्याची नोंद पुसली गेलेली असते, म्हणून आयपीवर पाठवलेलं मॅजिक पॅकेट (मशीनला उठवणारा नेटवर्कवरचा संदेश) पोचतच नाही.

१. मशीन जागं असतानाच लॅन कार्डचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) लिहून ठेवा; पॅकेटमध्ये तोच घालायचा असतो.
२. घरात कायम चालू असलेल्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरवरून पॅकेट ब्रॉडकास्ट पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्या मशीनना पोचणाऱ्या पत्त्यावर सोडा (नेटवर्क १९२.१६८.१.० आणि मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर १९२.१६८.१.२५५), यूडीपी पोर्ट ९.
३. तरीही उठला नाही तर मागे लॅन केबलजवळचा दिवा बघा. पार विझलेला असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) 'ईआरपी' हा वीज वाचवणारा पर्याय बंद करा. पेटलेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वेक'ची टिक तपासा.

पोर्ट ९ इंटरनेटवर उघडा ठेवू नका. बाहेरून व्हीपीएननंच आत या.