इंदूरहून बोलावेन पठाराच्या प्रवासाला जाताना

दक्षिण लाओसमधील बोलावेन पठार आपल्या माळव्याप्रमाणेच ज्वालामुखीच्या खडकावर वसलेले आणि सुपीक आहे. मात्र तेथील माती तांबडी, पाऊस कितीतरी अधिक आणि मुख्य पीक फ्रेंच राजवटीत रुजलेल्या कॉफीचे.

इंदूरहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे बँकॉक, तेथून रेल्वेने वा विमानाने थायलंडमधीलच उबोन राचथानी आणि पुढे चोंग मेकची थायलंड-लाओस सीमा ओलांडून पठाराजवळचे पाकसे शहर, हा मार्ग सोयीचा पडतो. दोन्ही देशांच्या व्हिसाचे चालू नियम निघण्यापूर्वी पाहावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाऊस सरलेला आणि कॉफीची तोडणी सुरू असते. पठारावरचे पाकसोंग हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर असल्याने स्वेटर मात्र लागतोच.

पाकसेहून बहुतेक प्रवासी दुचाकी भाड्याने घेऊन पठाराला फेरी मारतात. तेथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे इंदूरच्या गर्दीत हात बसलेल्यानेही सुरुवातीला सावकाश जावे. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून आधीच काढावा आणि प्रवासविम्यात दुचाकीचा अपघात धरला आहे की नाही, हे तपासावे.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी पायाखालची आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, आणि व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामची रसद नेणारा हो ची मिन्ह मार्ग जवळून जात असल्याने या पठारासाठीही लढाया झाल्या. क्लस्टर बॉम्बमधून, म्हणजे हवेत उघडून अनेक छोटे बॉम्ब विखुरणाऱ्या बॉम्बमधून, देशभर पडलेल्या सुमारे २७ कोटी छोट्या बॉम्बांपैकी ८ कोटींच्या आसपास फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. चेंडूएवढे हे गोळे आजही मातीत सापडतात. म्हणून रुळलेली पायवाट छायाचित्रासाठीच काय, लघुशंकेसाठीही सोडू नये. जमिनीवर शेकोटी पेटवू नये, कारण पुरलेला बॉम्ब उष्णतेने फुटू शकतो. आणि धातूचा अनोळखी तुकडा दिसल्यास हात न लावता, आल्या वाटेने मागे फिरून गावात कळवावे. मळ्यातून वा जंगलातून चालायचे असेल, तर स्थानिक वाटाड्या घ्यावाच. येथे काटकसर करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. ताड फानचा शंभर मीटरहून उंच जुळा धबधबा समोरच्या कड्यावरून सुरक्षितपणे दिसतो, तर ताड युआंगला पायऱ्यांनी खाली उतरता येते.

शाकाहारी मंडळींनी भाजीच्या पदार्थातही मासळीचा सॉस असतो, हे लक्षात ठेवून आधी विचारावे. चिकट भात सगळीकडे मिळतो. जोडीला घरून शेव-परमल नेलेले बरे.