खाडीकाठी कालवे आणि शिणाण्यांच्या शेतीचे प्रशिक्षण कसे द्यावे

कालवे आणि शिणाणे हे खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारे, माणसे खातात ते शिंपले. त्यांना खाद्य घालावे लागत नाही, खत टाकावे लागत नाही आणि औषधही मारावे लागत नाही. भरतीच्या पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती गाळून खात ती आपोआप वाढतात. त्यामुळे या शेतीत शिकवण्यासारखे फारसे काही नसावे असे वाटते, आणि म्हणूनच सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून दोन दिवसांत प्रशिक्षण उरकले जाते. जो जीव पाण्यातले सगळे गाळून घेतो, त्याच्या शेतकऱ्याला पाण्याची पारख असावी लागते. ही पारख प्रशिक्षणार्थींच्या अंगी आणणे, हेच प्रशिक्षकाचे मुख्य काम आहे. पुढील सूचना सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या खाड्या डोळ्यांसमोर ठेवून, मुख्यतः महिला बचत गटांना शिकवणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत.

प्रशिक्षणाचे वेळापत्रक हंगामाप्रमाणे आखावे. कोकणात मृगाचा पाऊस सुरू झाला की नदीचे गोडे पाणी खाडीत भरते, खारेपणा झपाट्याने उतरतो आणि शिणाणे मरतात. म्हणून पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावून मे महिना संपण्यापूर्वी काढावेच लागते. सप्टेंबरअखेर जागेची निवड, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बियाणे, म्हणजे लहान शिणाणे, दोराला बांधणे, जानेवारी-फेब्रुवारीत निगा आणि एप्रिल-मेमध्ये काढणी, अशा चार फेऱ्या केल्यास प्रत्येक काम ज्या दिवसांत करायचे त्याच दिवसांत शिकवता येते. मधल्या महिन्यांत प्रशिक्षकाने न बोलावता जाऊन यावे, कारण शंका तेव्हाच निघतात.

पहिला दिवस सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी खाडीवरच घ्यावा आणि त्या दिवशी प्रशिक्षकाने बोलण्यापेक्षा अधिक ऐकावे. समोरच्या ताई, काकू आणि मावश्या वर्षानुवर्षे कातळावरची कालवे काढत आल्या आहेत, चिखलातले ‘तिसऱ्या’ नावाचे शिंपले पायाच्या बोटांनी ओळखत आल्या आहेत. कोणत्या कातळावर कालवे दाट धरतात, कुठे ती भरत नाहीत, कोणत्या वळणावर पावसानंतर चिखल साचतो, हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा नेमके ठाऊक असते. त्यांच्याकडूनच वाळूवर खाडीचा नकाशा काढून घ्यावा, आणि गावाचे सांडपाणी, होड्यांचे तेल किंवा कारखान्याचे पाणी जिथे मिळते त्या जागा त्यांच्याच हाताने खुणावून घ्याव्यात. त्या जागा तिथल्या तिथे बाद कराव्यात, मग त्या किनाऱ्यापासून कितीही सोयीच्या असोत.

उरलेल्या जागांवर खारेपणा मोजायला शिकवावे. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे पाहिले की आकडा दिसतो. हे उपकरण प्रत्येकीच्या हातात द्यावे आणि आकडा तिनेच वाचावा. शिणाण्यांना दर हजारी साधारण २७ ते ३५ इतका खारेपणा मानवतो, तर कालवे त्याहून कमी खारेपणातही तग धरतात. एकदा मोजून मात्र काहीच कळत नाही. भरतीला आणि सुकतीला, उधाणात (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीत) आणि भांगात (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीत) अशा नोंदी निदान महिनाभर ठेवल्या, तरच ती जागा कशी आहे हे समजते.

खोलीच्या बाबतीत आमच्या एका तुकडीकडून झालेली चूक मी प्रत्येक नव्या गटाला सांगतो. खांब रोवून शिणाण्यांचे दोर पाण्यात टांगायचा मांडव भांगाच्या दिवसांत उभारला, तेव्हा दोर पाण्यात नीट बुडालेले होते. पुढच्या उधाणाच्या सुकतीला मात्र वरचा हातभर भाग उघडा पडून दुपारच्या उन्हात तापला आणि त्या भागातले शिणाणे उघडी तोंडे घेऊन मेले. तेव्हापासून मांडवाची उंची ठरवताना आम्ही उधाणाच्या सर्वांत खालच्या सुकतीला खांबावर खूण करून घेतो. त्या पाण्यातही दोराचे वरचे टोक बुडालेले राहिले पाहिजे आणि खालचे टोक तळाला टेकता कामा नये, कारण टेकलेल्या दोरावर चिखल बसतो आणि खेकडे चढतात.

बियाणे बांधणे हे हाताचे काम आहे आणि ते हातानेच शिकता येते. साधारण १५ ते २५ मिलिमीटर लांबीचे शिणाणे घ्यावेत, ते समुद्राच्या पाण्यात धुऊन त्यांतले फुटके आणि मेलेले वेगळे काढावेत. जुन्या सुती मच्छरदाणीच्या कापडाची पट्टी पसरावी, मधोमध १२ ते १४ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर ठेवावा, मीटरभर दोराभोवती अर्धा ते पाऊण किलो बियाणे सारखे पसरावे आणि पट्टी गुंडाळून सुती धाग्याने शिवून टाकावी. काही दिवसांत कापड पाण्यात कुजून गळते, आणि तोवर शिणाण्यांनी आपल्या तंतूंनी दोर घट्ट धरलेला असतो. कृत्रिम धाग्याचे कापड वापरले तर ते कुजत नाही, शिणाणे आत गुदमरतात आणि शेवटी ते कापड खाडीत कचरा म्हणून राहते. हा फरक सांगून पटत नाही. दोन्ही कापडांचा एकेक दोर लावून पंधरा दिवसांनी वर काढावा आणि शेजारी शेजारी ठेवून दाखवावा.

कालवांसाठी रिकाम्या शिंपांना मधोमध भोक पाडून त्या दोरीत ओवतात. हाताएवढ्या अंतरावर गाठी मारून एका माळेत पाच-सहा शिंपा बसवतात. या शिंपांवर कालवांची पिल्ले येऊन चिकटतात. शिंपा लवकर बुडवल्या तर त्यांवर शेवाळ आणि चिखल बसतो, उशिरा बुडवल्या तर पिल्लांचा हंगाम निघून जातो. म्हणून दर पंधरवड्याला दोन-तीन माळा चाचणीसाठी सोडून त्यांवरची पिल्ले मोजायला लावावी. ज्या गटाने हे मोजण्याचे काम मन लावून केले, त्याला पुढच्या वर्षी तारीख कोणाला विचारावी लागत नाही.

बियाणे आणायचे कुठून, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि त्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. कातळावरचे सगळे पिल्लू खरवडून शेतीला नेले, तर तिथेच वेचून पोट भरणाऱ्या शेजारणीचे उद्याचे उत्पन्न जाते आणि पुढचे बीज धरायला प्रौढ शिंपलेही उरत नाहीत. दाट पुंजक्यांतून विरळणी करावी, अर्ध्याहून अधिक भाग तसाच ठेवावा आणि एका कातळावर दोन वर्षे लागोपाठ हात घालू नये, असा नियम आम्ही गावाच्या बैठकीत सर्वांसमोर ठरवून घेतो. केरळमध्ये अष्टमुडी तळ्यातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ साली मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या, मासे टिकवून मासेमारी करणाऱ्यांना प्रमाणित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. तिथे लहान तिसऱ्या सोडून देणे आणि अंडी घालण्याच्या महिन्यांत मासेमारी बंद ठेवणे हे नियम मच्छीमारांनीच पाळले आहेत. हे उदाहरण इथल्या बायकांना चटकन पटते.

मांडवासाठी बांबू किंवा सुरूचे खांब वापरावेत. कांदळवनाला कोयता लागता कामा नये. शिंपले खातात तशी विष्ठाही टाकतात आणि मांडव दाट झाले की ती खाली साचते. मांडवाखालचा चिखल दर महिन्याला हातात घेऊन पाहायला शिकवावे. तो काळा पडला आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर दोर विरळ करावेत आणि पुढच्या हंगामात मांडव हलवावा. होड्यांची वाट मोकळी ठेवावी. परवानगीचा विषयही टाळू नये, कारण २०२३ च्या दुरुस्तीनंतर किनारी जलकृषीच्या केंद्रीय कायद्यात शिंपलेशेतीचाही समावेश झाला आहे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याला एखाद्या फेरीला खाडीवरच बोलवावे.

विक्रीपूर्वीची स्वच्छता शिकवताना कोणतीही सवलत देऊ नये. काढलेले शिंपले घासून धुवावेत आणि स्वच्छ, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात निदान चोवीस तास ठेवावेत, म्हणजे पोटातली रेती आणि बरेचसे जंतू बाहेर पडतात. मात्र काही सूक्ष्म वनस्पतींचे विष यामुळे जात नाही आणि शिजवूनही जात नाही. १९९७ साली केरळमधील विझिंजम येथे असे शिणाणे खाल्ल्याने माणसे दगावली होती. पाण्याचा रंग अचानक तांबूस किंवा हिरवट झाला, मासे मरून वर आले किंवा वरच्या अंगाला सांडपाणी फुटले, तर काढणी थांबवायची, खात्याला कळवायचे आणि तपासणीचा अहवाल येईपर्यंत एकही शिंपला विकायचा नाही.

हे ऐकायला सोपे असले, तरी ठरलेले गिऱ्हाईक दारात उभे असताना ते पाळणे कठीण जाते. म्हणून शेवटच्या फेरीत मी प्रश्नपत्रिका देत नाही. गटाची नोंदवही पुढे ठेवून एप्रिलमधल्या एखाद्या दिवसाचा खारेपणा, पाण्याचा रंग आणि वास वाचून दाखवतो आणि आज काढणी करायची का, असे प्रत्येकीला स्वतंत्रपणे विचारतो. उत्तराचे कारण तिने आपल्या शब्दांत सांगितले की तिचे प्रशिक्षण पूर्ण झाले असे धरतो. त्यानंतर सगळ्यांनी मिळून मे महिन्यातच उरलेले दोर वर घ्यावेत, तुटलेले तुकडे मोजून पिशवीत भरावेत, खांब उपटून पावसाळ्यासाठी कोरड्या जागी रचावेत आणि पुढच्या सप्टेंबरला पाणी मोजायला कोण जाणार, तिचे नाव त्याच वहीत लिहून ठेवावे.