कावळा दाराशी थांबलाय, तुमचा आर्पेजिओ का थांबत नाही? मुलांच्या गोष्टीला सिंथवर संगीत देताना या चुका टाळा

‘ताई, जरा ऐकून सांग ना’ म्हणत माझ्याकडे फायली पाठवणारे बरेच आहेत. आजीच्या, आईच्या नाहीतर स्वतःच्या आवाजात गोष्ट रेकॉर्ड केलेली असते आणि तिच्याखाली लॅपटॉपवर केलेलं सिंथचं (म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझरचं) संगीत असतं. हौस खरी असते. पण चुका इतक्या त्याच त्या असतात, की हल्ली फाइल उघडायच्या आधीच मी उत्तर टाइप करायला घेते. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

सगळ्यात मोठी चूक आधी. गोष्ट सुरू झाली की संगीत सुरू, गोष्ट संपली की संगीत बंद, मधे श्वासालाही उसंत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि चांगली वाजतगाजत केली आहे.

आमच्या सोसायटीतल्या काकू बालवाडीच्या निवृत्त बाई. काऊ-चिऊची गोष्ट त्यांनी सांगावी आणि मी संगीत द्यावं असं ठरलं. कपड्यांचं कपाट उघडून, दोन्ही दारांवर गोधड्या टाकून, त्या खोपटात काकूंना बसवलं आणि सलग एका दमात गोष्ट रेकॉर्ड केली. मग मी कामाला लागले. पाऊस व्हाइट नॉइज (सलग ‘श्श’ असा आवाज) फिल्टरमधून, म्हणजे आवाज गाळणाऱ्या चाळणीतून, काढून केला, तो खरंच छान जमला होता. शेणाचं घर वाहून जातं तिथे फिल्टर हळूहळू बंद करत नेला. आणि या सगळ्याखाली ९६ बीपीएमवर (मिनिटाला ९६ ठोके) एक आर्पेजिओ, म्हणजे एकामागून एक सुटे वाजत राहणारे स्वर, सोडून दिला. गोड होता. इतका गोड, की त्याच्यासाठी मी काकूंनाच कात्री लावली. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड!’ म्हटल्यावर काकू दोन-अडीच सेकंद थांबायच्या. ते थांबणं तालात बसेना. मग ग्रिड (पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघा) लावून प्रत्येक विराम कापला आणि ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’ बरोबर ठोक्यावर आणून ठेवलं. पडद्यावर सगळे तुकडे रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीत दिसत होते.

काकूंनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, चहा गाळता गाळता ऐकलं. म्हणाल्या, ‘अगं, कावळा दाराबाहेर भिजत उभा आहे. चिऊताईनं त्याला थांबवलंय. मग तुझं ते टिकटिक का थांबत नाही?’

मला राग आला, खोटं का बोलू. संध्याकाळी माझ्या चार वर्षांच्या भाच्याला दोन्ही ऐकवलं. काकूंचं मूळ, बिनसंगीताचं रेकॉर्डिंग लागलं तेव्हा प्रत्येक विरामात तो चिऊताईच्या आधी ‘थांऽऽब!’ असं ओरडत होता. बाळाला तीट लावते, अंगडं घालते, हे त्याला सगळं पाठ. माझ्या आवृत्तीत तो गप्प बसून राहिला. त्याला बोलायला मी जागाच ठेवली नव्हती! ते दोन-अडीच सेकंद मुलाच्या मालकीचे होते आणि मी ते आर्पेजिओला देऊन टाकले होते.

तेव्हापासून माझी सवय अशी: आधी नुसता आवाज तीनदा ऐकायचा, संगीताचं सॉफ्टवेअर बंद ठेवून. कागदावर पेन्सिलीनं जिथे जिथे ‘गप्प’ लिहावंसं वाटेल तिथे लिहायचं. मगच सिंथ उघडायचा. ग्रिडचं स्नॅपिंग, म्हणजे तुकडे आपोआप ठोक्याला चिकटणं, बंद. ताल हवाच असेल तर टेम्पो आवाजाच्या मागे न्यायचा, आवाज टेम्पोच्या मागे नाही. काऊ-चिऊत शेवटी उरला नुसता पाऊस आणि दारावरची टकटक. ती टकटक पोळपाटावर बोटं वाजवून घेतली आणि सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज हव्या त्या सुरात वाजवणारं साधन) दोन स्वर खाली उतरवली. आर्पेजिओ फक्त एकदाच येतो, दार उघडतं तेव्हा.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हनं १९३६ साली ‘पीटर अँड द वुल्फ’ ही मुलांची संगीतकथा लिहिली, त्यात पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट आणि लांडग्याला तीन फ्रेंच हॉर्न दिले. पात्राला वाद्य द्यायची ही युक्ती सगळे उचलतात. पण त्यात निवेदक बहुतेक वेळा संगीताच्या मधल्या जागेत बोलतो, वाजणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या डोक्यावर बसून नाही, हे कुणी उचलत नाही. आणि पात्राची धून म्हणजे तीन-चार स्वर. कावळा आला की दर वेळी सोळा मात्रांची धून वाजवू नका, मूल कंटाळतं आणि आईबाबा त्याच्याआधी.

दुसरी माझी लाडकी चूक आहे फोनवर न ऐकणं.

‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ करायला घेतलं तेव्हा मला वाटलं, भोपळा म्हणजे कसा, जड, गोल, घरंगळत येणारा. म्हणून ५५ हर्ट्झची, म्हणजे अगदी खालच्या सुराची, साइन वेव्ह घेतली, तिला ग्लाइड दिला (स्वर घसरत जातो). हेडफोनमध्ये असा काही भोपळा उडत होता की पोटात गुदगुल्या. मैत्रिणीला पाठवलं. तिचा उलट मेसेज: ‘छान आहे गं, पण भोपळा कुठाय?’ तिची मुलगी गोष्ट ऐकते आईच्या फोनवर, उशीशेजारी ठेवून. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही झेपत नाही, ५५ तर सोडाच. साइनला उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर) नसतात, म्हणजे मूळ स्वर गेला की मागे काहीही उरत नाही. वाघ होता, म्हातारी होती, टुणुक टुणुक म्हणणाऱ्या काकू होत्या, भोपळा तेवढा गायब.

उपाय दोन. एक, सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणारा इफेक्ट) लावून उपस्वर आणायचे. खालचा स्वर फोन वाजवत नसला तरी वरचे उपस्वर ऐकू आले की कान तळाचा स्वर मनानं भरून घेतो. दोन, जो मी शेवटी केला, तो म्हणजे शब्दच नीट ऐकायचा. ‘टु’ दबतो आणि ‘णुक’ उसळतो, शेवटचा ‘क’ फट्दिशी मिटतो. स्क्वेअर वेव्ह घेतली, ४०० हर्ट्झच्या आसपास. पिच एन्व्हेलप (स्वर कसा चढतो-उतरतो याची रेघ) आधी जरा खाली, मग झटकन वर. शेवटी फिल्टर बंद, म्हणजे ‘क’ झाला. सगळा खेळ पाव सेकंदाचा. आता भोपळा फोनवरही उडतो, हेडफोनमध्ये पोटात गुदगुल्या मात्र होत नाहीत. चालायचंच.

मिक्स झालं की मी फोन उशीवर उलटा ठेवते, फॅन लावते आणि खोलीच्या दाराशी उभी राहून ऐकते. शब्द कळले तर पास. महागडे मॉनिटर्स (स्टुडिओचे स्पीकर) घेऊन ‘आता आवाज प्रोफेशनल झाला’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. त्याच फेरीत मोनोही (डावं-उजवं एकत्र करून) तपासा. पॅड (मागे लांबत राहणारा मऊ आवाज) रुंद करायला स्टिरिओ वाइडनर लावलेला असतो, आणि एकाच स्पीकरवर डावं-उजवं एकमेकांना खाऊन टाकतं.

शब्द बुडतात ही तक्रार आली की लोक संगीताचा आवाज कमी करत राहतात. तेही चुकीचं. व्यंजनं कळतात ती मुख्यतः एक ते चार किलोहर्ट्झमध्ये, आणि ‘परीकथा’ म्हटलं की प्रत्येक जण उचलतो ती म्युझिक बॉक्सची घंटी नेमकी तिथेच किणकिणते. ईक्यूवर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) तेवढ्याच पट्ट्यात संगीत तीन-चार डेसिबल खाली घ्या, किंवा वाद्यच बदला. साइडचेन (बोलणं आलं की संगीत आपोआप दबवणारी सोय) लावून मोकळं होणारेही आहेत: रिलीज (संगीत परत वर यायचा वेग) इतका जलद, की प्रत्येक शब्दामागे संगीत दमेकऱ्यासारखं धापा टाकतं. मी व्होल्यूमची रेघ हातानं ओढते, वाक्यागणिक. वेळ लागतो. लागू दे.

काकूंच्या सुराला हात लावू नका. त्या ‘चल रे भोपळ्या’ गातात ते ना काळी एकमध्ये ना पांढरी दोनमध्ये, मधेच कुठेतरी. ऑटोट्यून लावलं तर भोपळ्यात आजीऐवजी रोबो बसतो. सिंथचं मास्टर ट्यूनिंग २०-३० सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खालीवर करून त्यांच्याशी जुळवा. गवय्याच्या सुराला तानपुरा लावतात, तानपुऱ्यासाठी गवय्या बदलत नाहीत.

वाघ आला म्हणून एकदम धडाम करू नका. मूल अंधारात, डोळे मिटून ऐकत असतं. अटॅक (आवाज उगवायला लागणारा वेळ) थोडा लांबवा, वाघाला मधे येऊन उडी मारण्याऐवजी चालत येऊ द्या. त्याच कारणासाठी मास्टरिंगला (शेवटचा हात फिरवताना) लिमिटर कचकचून दाबून सगळंच मोठं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला ४० तास ऐकण्यासाठी मोठ्यांना ८० डेसिबल आणि मुलांना ७५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे, आणि झोपाळलेलं मूल काही स्वतःहून आवाज कमी करणार नाही.

काकूंचा आवाज एकाएकी पातळ, कोवळा आणि घाईत वाटतोय? तुमची फाइल ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) आहे आणि प्रोजेक्ट ४८ चं. सॉफ्टवेअरनं रूपांतर न करता तशीच वाजवली की सगळं सुमारे नऊ टक्के जलद आणि वरच्या पट्टीत जातं. पिच शिफ्टर शोधत बसू नका, सेटिंग बघा.

निवेदनावर रिव्हर्ब नको. आजी दरीतून बोलत नाही, कुशीत घेऊन बोलते.

प्रीसेट (सिंथमधले तयार आवाज) वापरा, पण पहिलाच सापडला तो नको. आणि ‘बटण दाबलं की परीकथेचं संगीत’ देणाऱ्या नव्या यंत्रांबद्दल मला विचारू नका, मी चिडते. बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवे आवाज घडवणारा विभाग, १९५८ साली सुरू झालं. तिथे डेलिया डर्बिशायर धातूच्या लॅम्पशेडवर टोला मारून तो नाद टेपवर घ्यायच्या आणि टेप कापून, जोडून, वेग बदलून त्यातून नवे आवाज घडवायच्या. तुमच्या ओट्यावर वाट्या आहेत, सांडशी आहे, पळी आहे. एक वाटी वाजवून सॅम्पलरमध्ये टाकायला पाच मिनिटं लागतात, आणि तो आवाज दुसऱ्या कुणाच्याही गोष्टीत सापडणार नाही.

रेकॉर्डिंग दुपारी तीन ते चारमध्ये करा. भोपळ्याच्या वेळी आम्ही ते पाळलं नाही. म्हातारी लेकीच्या दारात पोचते, काकू जरा थांबतात आणि मागे शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होते. नॉइज रिडक्शन लावून मी ती काढायला बसले होते. काकू म्हणाल्या, ‘राहू दे गं, लेकीकडे कुकर लागलाय.’ शिट्टी अजून तिथेच आहे.