स्लॅबवरच्या घराला साठवणीचे तळघर: मोजमाप आत्ता, खोदाई कोरड्या दिवसांत

पावसाळा सरत येतो तेव्हा जमिनीतले पाणी सहसा वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला असते. बटाटा, गाजर, बीट किंवा फळे साठवण्यासाठी तळघराचा विचार करणाऱ्या उत्पादकांनी हीच वेळ साधावी, पण ती मोजमापासाठी. कुदळ इतक्यात उचलू नये. आणि उभ्या घराच्या स्लॅबखाली खोदायचा बेत असेल, तर तो सोडून द्यावा. तळघर घराशेजारी करावे.

जमिनीवर टाकलेला स्लॅब साधारण 10 ते 15 सेंमी जाड असतो आणि दाबून बसवलेल्या भरावावर सगळीकडून टेकलेला असतो. त्यातली लोखंडी जाळी बहुधा तडे आवरण्यापुरतीच असते. खालची माती काढली की त्याच स्लॅबचे तळघराला छत होते, पण छताला लागणाऱ्या सळया त्यात नसतात. भिंतींचा भार कडेच्या जाड भागातून किंवा फूटिंगमधून (भिंतीखालच्या रुंद पायातून) मातीत उतरतो आणि ढोबळमानाने 45 अंशांच्या उतारात पसरत जातो. या उताराच्या आत खोदले तर पायाखालची माती खड्ड्याकडे सरकते, पाया खचतो आणि भिंतींना तिरके तडे जातात. स्लॅबच्या पोटात सांडपाण्याचे पाइपही असतात. काही बांधकामांत ताण दिलेल्या पोलादी तारा असतात. अशी तार कापली गेली तर ती प्रचंड जोराने उसळते आणि जवळच्या माणसाचा जीव घेऊ शकते.

पायाखाली टप्प्याटप्प्याने नवा पाया घालून तळघर करता येते, हे खरे. पण त्यासाठी एकाआड एक असे साधारण मीटरभर रुंदीचे तुकडे खोदून, काँक्रीट भरून, ते पक्के झाल्यावरच पुढचा तुकडा घ्यावा लागतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आराखडा आणि बांधकाम परवानगी यांशिवाय त्याला हात लावू नये. घराला नवी खोली किंवा शेड जोडायची असेल, तर मात्र संधी चांगली आहे. त्या नव्या भागाखाली आधी तळघर बांधून घ्यावे आणि वरचा मजला त्याच्या भिंतींवर उचलावा. जुन्या पायापासूनचे अंतर तिथेही राखावेच लागते.

हे अंतर काढायची रीत सोपी आहे. घराच्या फूटिंगचे बूड 0.6 मीटरवर आणि खड्ड्याचा तळ 2.6 मीटरवर असेल, तर फरक 2 मीटरचा होतो. खड्ड्याची कड घरापासून किमान तेवढी दूर हवी. वाळूसर, भरावाच्या किंवा ओल्या जमिनीत ती आणखी लांब न्यावी. काळी चिकण माती ओलीने फुगते आणि भिंतींना आत रेटते, सुकली की आकसते, म्हणून तिथे इंजिनिअरला विचारल्याशिवाय जागा ठरवू नये. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात कडांना धिरे दिल्याशिवाय किंवा कडा उतरत्या कापल्याशिवाय कोणीही उतरू नये. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते, आणि ढासळताना ती सूचना देत नाही.

आता मोजमापाकडे. ठरवलेल्या जागी तळघराच्या तळापेक्षा अर्धा मीटर खोल जाईल असे बोअर हातऑगरने (हाताने फिरवायच्या माती-गिरमिटाने) घ्यावे, त्यात छिद्रे पाडलेला पाइप सोडावा आणि तोंड झाकून ठेवावे. आठवड्याला एकदा दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी पाहावी. पाणी नियोजित तळाच्या वर आले, तर तळघर उथळ करावे आणि बाजूंनी माती चढवावी, नाहीतर जागा बदलावी. तळापेक्षा एक मीटर वर चढलेले पाणी खालून प्रत्येक चौरस मीटरला एक टनाने वर ढकलते. 15 सेंमी काँक्रीटचे वजन त्याच्या निम्मेही नसते. वॉटरप्रूफिंगने हा रेटा कमी होत नाही.

त्याच पाइपात पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर सोडून दिवसभराने वाचावा. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचे हेच आहे. खोलवरची माती त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते. त्याहून थंड तळघर नुसत्या खोदाईने मिळत नाही. दोन मीटरवर ऋतूंचा चढउतार बराच मंदावतो आणि उन्हाळ्याची ऊब तिथे दीड-दोन महिने उशिरा पोहोचते, त्यामुळे एका हंगामाच्या नोंदीवर विसंबू नये. वार्षिक सरासरी 25 अंशांच्या पुढे असेल, तर तळघर उन्हापासून वाचवील, पण शीतगृहाचे काम करणार नाही. तिथे उष्णतारोधक खोली आणि यंत्राने थंडावा, किंवा कोरड्या हवेत दुहेरी विटांच्या भिंतीत ओली वाळू भरलेला कक्ष हा मार्ग बरा. दमट हवेत मात्र हा कक्ष फारसा थंडावत नाही. घराखालची माती घरातल्या उबेकडे झुकते, म्हणून थंडीत तापवल्या जाणाऱ्या घरांत तिथले तळघर शेजारच्यापेक्षा ऊबदारच राहते.

मालही तापमान पाहूनच ठरवावा. खाण्याच्या बटाट्याला 7 ते 10 अंश, भरपूर ओलावा आणि पूर्ण अंधार लागतो. गाजराला शून्याच्या जवळचा गारवा सर्वांत मानवतो. रताळी 13 अंशांखाली बिघडतात. कांदा तळघरात ठेवू नये. मध्यम गारव्यात तो कोंब काढतो आणि ओलीने सडतो, म्हणून त्याला वर कोरडी, हवेशीर जागा द्यावी. सफरचंदांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडवट होते, तेव्हा दोन्ही एकत्र साठवू नयेत.

हवेसाठी दोन पाइप समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवावेत. बाहेरची हवा आणणाऱ्याचे आतले तोंड तळघराच्या तळाजवळ आणि बाहेर सोडणाऱ्याचे छताजवळ असावे. बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच झडपा उघडाव्यात. दमट, उबदार हवा आत घेतली की भिंती घामेजतात आणि बुरशी धरते. पण झडपा कायम बंद ठेवणेही जिवावर बेतू शकते. साठवलेला माल श्वसन करतो आणि सडताना प्राणवायू संपवून कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू तळाशी साचतो. बंद तळघर उघडल्यावर आधी हवा खेळू द्यावी, मगच उतरावे आणि एकाने वर थांबावे. खालचा माणूस कोसळला, तर त्याला काढायला तसेच खाली धावू नये. वरूनच हवा सोडावी आणि मदत बोलवावी.