उजव्या हातात पेन होतं

बारावीच्या सराव परीक्षेत चुंबकीय क्षेत्राच्या एका गणितात माझा आकडा बरोबर आला, दिशा मात्र नेमकी उलटी. पुढच्या गणितातही तेच. दिशा उजव्या हाताने काढायचा नियम घोकून पाठ होता, त्यामुळे पेपर हातात आल्यावर बराच वेळ काही कळेना. घरी बसून परत सोडवायला घेतलं तेव्हा ट्यूब पेटली. उजव्या हातात पेन होतं, म्हणून मी मोकळा असलेला डावा हात वळवला होता! आता बारावीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते, तर दर वर्षी चार-पाच जण तरी असे सापडतातच. तेव्हा पहिला सल्ला हाच, की दिशा काढताना पेन खाली ठेवा.

दहावीपर्यंत माझं माध्यम मराठी. प्रभार, विद्युतधारा, बलरेषा हे शब्द सवयीचे होते आणि अकरावीत एकदम चार्ज, फील्ड, फ्लक्स. त्याची भीती मला सगळ्यांनी घातली होती, पण शब्द महिनाभरात तोंडात बसले. खरा घोळ असा होता, की फील्ड (क्षेत्र) आणि फोर्स (बल) मी एकच समजत होते. दोन्हींना बाण, दोन्हींना दिशा, मग फरक तो काय?

फरक एका साध्या गणिताने डोक्यात शिरला. एखाद्या जागी विद्युत क्षेत्र ५०० न्यूटन प्रति कूलोम आहे समजा. तिथे प्रोटॉन ठेवला तर त्याच्यावर ८ × १०⁻¹⁷ न्यूटन बल लागेल, क्षेत्राच्या दिशेने. इलेक्ट्रॉन ठेवला तर बल तेवढंच, पण उलट्या दिशेने. न्यूट्रॉन ठेवला तर शून्य. काहीच ठेवलं नाही तर बल लागणार कोणावर? क्षेत्र मात्र चारही वेळा तेच. तेव्हापासून मी गणिताच्या समासात दोन ओळी लिहायला लागले: ‘क्षेत्र कोणाचं’ आणि ‘बल कोणावर’. ज्याच्यावरचं बल काढायचं, त्याचं स्वतःचं क्षेत्र त्यात धरायचं नाही. माझी निम्मी गणितं इथेच फसायची. क्लासवाले सूत्रांचे रंगीत तक्ते वाटतात, त्यावर ही गोष्ट मला कुठे दिसली नाही.

चुंबकीय क्षेत्राचा स्वभाव जरा तऱ्हेवाईक. स्वस्थ बसलेल्या प्रभाराला ते विचारतच नाही. प्रभार क्षेत्राच्या रेषेतूनच सरळ जात असेल तरीही बल शून्य. आडवा गेला तर बल लागतं, तेही वेग आणि क्षेत्र या दोघांनाही काटकोनात. त्यामुळे दिशा वळते, वेग तेवढाच राहतो. दोरीला दगड बांधून एकसारखा गरागरा फिरवताना दोरी त्याला आत खेचते, पुढे ढकलत नाही, तसंच. जुन्या डब्यासारख्या टीव्हीत ही कामाची वाटणी होती: इलेक्ट्रॉनांना वेग द्यायचा विद्युत क्षेत्राने आणि नळीच्या मानेवरच्या वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्राने त्यांना पडद्यावर हवं तिथे वळवायचं. लहानपणी मोडक्या स्पीकरचं चुंबक मी आमच्या रंगीत टीव्हीजवळ नेलं आणि पडद्यावर हिरवे-जांभळे डाग पडले. मार खाल्ला. त्यामागचं कारण समजायला मात्र बारावी उजाडावी लागली.

मुलांना मी हमखास एक प्रश्न विचारते. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी किती वेगाने पुढे सरकतात? बहुतेक जण प्रकाशाच्या वेगाच्या आसपास काहीतरी सांगतात. हिशोब केला तर उत्तर येतं सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर. तासाभरात एक वीतभर! गोगलगायसुद्धा पुढे निघून जाईल. मग बॅटरीवरचा दिवा बटण दाबताच कसा लागतो? बटण दाबल्याबरोबर विद्युत क्षेत्राची खबर सगळ्या तारेभर जवळजवळ तत्काळ पोचते आणि तारेत जिथे-तिथे आधीपासून असलेले इलेक्ट्रॉन सगळीकडे एकदमच सरकू लागतात. क्षेत्र ही कागदावरची कल्पना नसून खरी वस्तू आहे, हे मला इथे पटलं.

घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग मात्र कोकणात जुलैमध्ये करू नका. दमट हवेत प्रभार टिकत नाही. डिसेंबरात करा.

पावसाळ्यातही चालणारा प्रयोग म्हणजे डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेडचा, १८२० सालचा. लाकडी टेबलावर होकायंत्र ठेवा. त्याच्या सुईवर दोन सेंटिमीटर उंचीवर तार उत्तर-दक्षिण ताणून धरा आणि बॅटरी एलिमिनेटर (बॅटरीच्या जागी), रिओस्टॅट (धारा कमी-जास्त करायला), अॅमीटर (धारा मोजायला) जोडून दोन अँपिअर धारा सोडा. सुईपाशी तारेचं चुंबकीय क्षेत्र येतं २० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे त्याचं एकक). आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला. सुई साधारण २८ अंश वळायला हवी. धारा उलटी केली तर तेवढीच दुसऱ्या बाजूला.

आसपासच्या लोखंडाकडे आणि तारांकडे लक्ष ठेवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं अलिबागला हलवावी लागली; तिथली वेधशाळा १९०४ पासून चालू आहे. आमच्याकडे यंदा एका गटाची सुई धारा सोडण्याआधीच बाकीच्यांपेक्षा वेगळी उत्तर दाखवत होती. तासभर जोडण्या तपासल्या, अॅमीटर बदलला. शेवटी टेबलाखाली सरकवलेलं लोखंडी स्टूल सापडलं.